घरची प्रार्थना म्हणजे रोजची भांडणं झालीयेत, तुमच्याकडे कसं करता?

नगरची_इंदूरकर
सर्वांना सलाम. आम्ही मराठी ख्रिस्ती, माहेर नगरचं, इंदूरला येऊन 14 वर्षं झाली. माहेरी दिवेलागणीला प्रार्थना व्हायची, आजोबा गायन निवडायचे, शेवटी सगळ्यांनी एकमेकांना सलाम केला की मगच ताटं, आणि तेच इथे चालू ठेवायचं हा माझा हट्ट. पण मोठा 13 चा, क्लासवरून आठला येतो तो भुकेला आणि वैतागलेला, धाकटी 7 ची, आणि मिस्टरांच्या हातात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आलं की त्यांना थांबणं माहीत नाही. परवा स्तोत्र 119 काढलं. सगळं. 176 वचनं! भाताचा पार गोळा झाला, धाकटी माझ्या मांडीवर झोपली आणि मोठा विचारतो, "पापा, आमेन कब आएगा?" पुढे काय झालं ते लिहीत नाही.

दुसरं म्हणजे इथे उपासना हिंदीत, संडे स्कूल हिंदीत. मी "आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू केलं की दोघं नुसते ओठ हलवतात. मराठीचा हट्ट सोडू का?

बडोद्याची_मावशी
अजिबात सोडू नकोस. आमच्याकडे बाहेर गुजराती, शाळेत इंग्रजी, पण रात्री 23वं स्तोत्र मराठीतच. माझा नातू "मला काही उणे पडणार नाही" म्हणतो, आधी त्याला वाटायचं हे गणितातलं उणे आहे, मग समजावलं 😄 अर्थ नंतर कळतो गं, आधी कानावर पडू दे.
आणि मिस्टरांना बायबलमधलं इफिस 6:4 वाचायला सांग, बापांनो मुलांना चिरडीस आणू नका. हे वचन बापमंडळी मोठ्याने वाचत नाहीत बघ कधी.

भिया_इंदौरी
मावशी, राग मानू नका पण मी तोच मोठा मुलगा आहे, फक्त आता 26 चा. आमच्या घरी प्रार्थनेत पप्पा म्हणायचे, "हे प्रभू, आमच्या मुलाला मोबाइल बाजूला ठेवायची बुद्धी दे." डोळे मिटून सगळ्यांसमोर झापणं आणि मला उत्तर पण देता येणार नाही, मधे बोललो तर प्रार्थनेत बोलला म्हणून वेगळा ओरडा. तीन-चार वर्षं मी मुद्दाम उशिरा घरी यायचो, ५६ दुकानला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, टाइमपास करून.

राहिलं काय माझ्यात, तर आई स्कूटी सुरू करण्याआधी हँडलवर हात ठेवून दोन ओळी पुटपुटायची, अर्ध्या मराठी अर्ध्या हिंदी. किक मारली की संपलं. आज मी पण बाइकवर तेच करतो, कुणी शिकवलं नाही. ताई, त्याच्या भाषेत त्याला बोलू द्या ना, देवाला हिंदी येते.

पेटीवाले_काका
भाषेचा वाद जरा बाजूला ठेवा. रोज वाचनच हवं असं कुणी सांगितलं? रविवारी संध्याकाळी पेटी काढा, टाळ मुलांच्या हातात द्या. नारायण वामन टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला पण अभंग सोडला नाही, तुकोबांच्या पुलावरूनच मी ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे. मराठी समजावून सांगावी लागते तेव्हा मुलं पळतात, गायला दिली की आपोआप येते. सूर लागला नाही तरी चालेल, आमच्याकडे कुणाचाच लागत नाही.
वाचायला मार्कचं शुभवर्तमान घ्या, 16च अध्याय आहेत आणि गोष्ट भराभर पुढे जाते. एका वेळी एकच प्रसंग. आणि आधी जेवण!! उपाशी पोराला कसली उपासना.

नगरची_इंदूरकर
काका, जेवण आधी केलं, अर्धी भांडणं तिथेच संपली. आजोबा वरून बघत असतील तर बघू देत.
मोठ्याला मार्क 2 वाचायला दिला, हिंदीत. छप्पर उघडून पक्षाघात झालेल्या माणसाला खाली सोडतात तिथे थांबला आणि म्हणे, मग त्या घरवाल्याचं छप्पर कुणी नीट करून दिलं? मिस्टर गप्प. पहिल्यांदाच! मग दोघं त्यावरच बोलत बसले, भिंतीला लागून पाय पसरून. धाकटीने जिन्याखालच्या मांजरीसाठी प्रार्थना केली, तिला पिल्लं होणारेत.
सलाम मात्र मी मराठीतच ठेवलाय. भिया, तुझा मुद्दा मिस्टरांना वाचून दाखवला, काही बोलले नाहीत, पण कालच्या प्रार्थनेत मोबाइल आला नाही.
काका, जुनी पेटी आहे घरात, भात्यातून हवा जाते. इंदूरमध्ये कुणी दुरुस्त करणारं माहीत आहे का?