चर्चा: गावातून वळवलेल्या ओढ्याची पातळी कोणाच्या सोयीनं ठरावी?

मूळपात्र
नदीला बंधारा घालायचा, तिचं थोडं पाणी वस्तीतून फिरवायचं आणि खाली पुन्हा नदीत सोडायचं, ही सोय शेकडो वर्षांची. त्या पाण्यावर चक्क्या चालल्या, रंगारी नि चर्मकार जगले, आगी विझल्या. चक्क्या थांबल्या, तरी पाणी अडवायची-सोडायची दारं तिथेच आहेत आणि भांडणही. वरच्या घरांना तळघरात ओल नको, खालच्यांना घरामागे उघडा चिखल नको, जुन्या चक्कीत जनित्र बसवणाऱ्याला पाणी चढंच हवं. या सगळ्यांत नदीच्या मूळ पात्राच्या बाजूनं बोलणारं कोणीच नसतं.

माझं मत स्पष्ट आहे. कोरड्या दिवसांत पहिला वाटा मूळ पात्राचा, उरेल ते गावाचं. हे काही स्वप्नरंजन नाही. फ्रान्समध्ये बंधाऱ्याखाली नदीत वार्षिक सरासरी प्रवाहाचा किमान दहावा हिस्सा सोडावा लागतो (फार मोठ्या नद्यांना विसावा). स्वित्झर्लंडमध्ये वर्षातले ३४७ दिवस जेवढा प्रवाह असतोच, तो आधार धरून सोडायचं पाणी ठरतं. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात रस्त्यांकडेचे उघडे पाट ड्रायझाम नदीवर चालतात. नदी फारच आटली की तेही बंद ठेवतात. शहराचं त्यानं काही अडलेलं नाही.

जोतं
फ्रायबुर्गचं उदाहरण इथे लागू नाही. ते पाट हातभर रुंदीचे, दगडी अस्तराचे. जुन्या वस्तीतला रुंद, मातीच्या तळाचा ओढा आजूबाजूच्या भूजलाला धरून असतो. मी जुन्या इमारतींच्या पायांचं काम करतो, म्हणून हा मुद्दा मला सोडून देता येत नाही.

मऊ जमिनीवरच्या जुन्या इमारती बऱ्याचदा लाकडी खुंटांवर उभ्या असतात. पाण्याखाली लाकूड शतकानुशतकं टिकतं, कारण तिथे ऑक्सिजन पोचत नाही. भूजल खाली गेलं की उघड्या पडलेल्या टोकांना बुरशी लागते. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्याखाली हेच झालं. भूजल उतरलं, खुंट कुजले, आणि पाया काँक्रीटनं सावरायचं काम १९२६ पर्यंत चाललं. मासे पुढच्या पावसाळ्यात परत येतील, कुजलेलं लाकूड येत नाही. आधी नदी, मग गाव, असा क्रम लावण्याआधी कोणत्या घराखाली काय आहे ते तपासा.

वरचा काठ
खुंटांची काळजी मान्य, पण आमचंही ऐका. खालच्या दाराशी पाणी थोडं चढवलं की त्याचा फुगवटा वरच्या अंगाला येतो. उतार हजारात एक असेल, तर १० सेंमी चढवलेलं पाणी साधारण १०० मीटर वरपर्यंत जाणवतं. सपाट ओढ्यात त्याहून लांब. दार फिरवणाऱ्याला आमची भिंत दिसतही नाही. वळवाचा पाऊस रात्री आला तर दार उघडायला कोण येणार, हे आधी सांगा.

मूळपात्र
@जोतं, मासे सहज परत येतात हे मला पटत नाही. पात्र तुटक डबक्यांचं झालं आणि वर बंधारा आडवा असेल, तर येणार कुठून?

खुंटांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण त्यातून तुमचा निष्कर्ष निघत नाही. खुंटांना हवी असते पातळी, नदीला हवा असतो प्रवाह. खालचं दार लावून घेतलं तर अगदी थोड्या पाण्यातही ओढा काठोकाठ दिसतो. सगळी भांडणं काठावरच्या ओल्या रेघेवरून होतात आणि सेकंदाला किती लिटर आत येतंय हे कोणी विचारत नाही. बंधाऱ्यापाशी प्रवाह मोजा, वस्तीत पातळी मोजा. दोन्ही आकडे रोज लोकांसमोर ठेवा.

जोतं
थांबलेल्या पाण्याचं उन्हाळ्यात काय होतं तेही सांगा. ते तापतं, शेवाळ धरतं, पहाटे त्यातला ऑक्सिजन संपतो. तुमचे मासे नदीत वाचतील आणि ओढ्यात मरतील. शिवाय मातीच्या तळातून पाणी झिरपतं. आत येणारं पाणी झिरपण्यापेक्षा कमी पडलं, तर दार कितीही घट्ट लावा, पातळी उतरणारच. म्हणून ओढ्यालाही किमान प्रवाह लागतोच, आणि तो कायद्यात लिहिला गेला पाहिजे.

जुनी चक्की
जुन्या चक्क्यांना पाणी घेण्याचा जुना हक्क असू शकतो, हे दोघंही विसरताय. फ्रान्समध्ये १७८९ च्या आधीचे चक्क्यांचे पाणीहक्क आजही धरले जातात. युरोपात चक्कीशी खुणेचा खांब ठोकून पाणी कुठवर चढवायचं ते ठरवून दिलेलं असे. ती खूण सगळ्यांना बंधनकारक होती.

मूळपात्र
खूण होती ती वरच्यांना बुडवू नये म्हणून, नदी कोरडी करायला नव्हे. आणि वीज तरी किती? सेकंदाला अर्धा घनमीटर पाणी २ मीटरवरून पडलं, तर हाती जेमतेम ७ किलोवॅट. त्यासाठी कोरड्या महिन्यांत नदी द्यायची? मला हे मान्य नाही. जुन्या हक्काला किमान प्रवाहाची अट लागलीच पाहिजे, जशी फ्रान्समध्ये लागते.

तिसरा मार्ग
नदीचं पाणी वळवूच नका, ओढ्यात पंपानं सोडा. दक्षिण कोरियातल्या सोलमधला चोंगग्येचॉन हा झाकलेला ओढा २००५ मध्ये पुन्हा उघडला तेव्हापासून त्यात रोज सुमारे १,२०,००० टन पाणी पंपानं सोडतात.

वरचा काठ
म्हणजे विजेचं बिल कायमचं. त्यापेक्षा गाळाचं बोला. गाळ साचला की तेवढ्याच पाण्यात पातळी चढते आणि आमची तळघरं भरतात.

जोतं
गाळ काढा, पण तळाचा चिकण थर खरवडू नका, तोच झिरपणं अडवतो. ओढा रिकामा करण्याआधी त्यातले मासे पकडून नदीत सोडा. आणि वस्तीत चार ठिकाणी भूजल मोजायच्या नळ्या घाला. त्यांतलं पाणी खुंटांच्या टोकांच्या वर आहे तोवर कोरड्या दिवसांत नदीला जास्त द्यायला माझी हरकत नाही. त्याखाली गेलं की ओढ्याचा वाटा आधी, यावर मात्र मी ठाम आहे.

मूळपात्र
नळ्या मान्य, रोजचे आकडेही. तुमचं शेवटचं वाक्य मान्य नाही. त्या दिवशी पहिलं पाणी जनित्राचं बंद करा, नदीचं नव्हे.