‘डिस्पर्स’ केलेले नॅनोकण : विखुरलेले, विसरित की आणखी काही?

प्रश्न
एका स्थापत्य अभियांत्रिकीच्या पुस्तिकेचं मराठी करतोय. मजकूर असा : सिलिकाचे नॅनोकण पाण्यात डिस्पर्स करून (म्हणजे सुटे सुटे पसरवून) मातीत सोडले की माती बळकट आणि स्थिर होते. मी लिहिलं, ‘विखुरलेल्या अब्जांश पदार्थांद्वारे मृदेचे सबलीकरण व स्थिरीकरण’. वाचून मलाच हसू आलं. ‘सबलीकरण’ म्हटलं की बचत गटच आठवतो. ‘अपस्करण’ घ्यावं तर शाळेत तो लोलकातून रंग वेगळे होण्याचा शब्द. काय करावं?

प्रतिसाद
‘अब्जांश’ अर्थाला चोख आहे, मीटरचा अब्जावा भाग. पण २०२१ पासून नॅनो युरियाच्या बाटल्या गावोगावी गेल्यात, आता ‘नॅनो’ कुणाला समजावून सांगायला नको. मात्र तिथेच गोची होईल. ‘नॅनो पदार्थ घालून माती बळकट करा’ असं वाचलं की शेतकरी म्हणणार, कस वाढतो वाटतं! तुम्हाला कस म्हणायचा नाही, भार पेलायची ताकद म्हणायची आहे. ते सरळ लिहा.

प्रतिसाद
भू-तंत्र अभियांत्रिकीत (बांधकामाखालच्या जमिनीचं शास्त्र) काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

‘विखुरलेले’ नको. अंगणात दाणे विखुरतात, तिथे दोन दाणे एकमेकांना चिकटले तरी कुणाचं बिघडत नाही. इथे सगळा मुद्दाच न चिकटण्याचा आहे. कण १ ते १०० नॅनोमीटरचे असले की वजनाच्या मानाने पृष्ठभाग प्रचंड होतो आणि ते एकमेकांना ओढून धरतात. पिठलं करताना बेसनाच्या गुठळ्या होतात तशा इथेही होतात. गुठळी झाली की तो नॅनोकण उरलाच नाही, नुसती महागडी भुकटी. म्हणून प्रयोगशाळेत ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडतात, सिलिकाऐवजी कार्बनच्या नॅनोनळ्या वापरल्या तर वर साबणासारखं रसायनही घालतात. नॅनोकणांची मात्रा वाढवत नेली तर एका टप्प्यानंतर मातीची ताकद उलट उतरते, त्यामागे बऱ्याचदा या गुठळ्याच असतात.

आता ‘स्थिर’ या शब्दाकडे या, कारण खरा घोटाळा तिथे आहे. कलिल सिलिकाच्या (पाण्यात न विरघळता तरंगत राहणाऱ्या बारीक कणांच्या) द्रावात कणांवर ऋण प्रभार असतो, ते एकमेकांना दूर ढकलतात आणि द्राव टिकून राहतो. याला आम्ही ‘स्थिर द्राव’ म्हणतो. तो जवळजवळ पाण्याइतकाच पातळ असल्यामुळे सैल वाळूत सहज शिरतो. त्यात मीठ किती आणि सामू (पीएच) किती ठेवला यावर तो कधी थिजणार ते ठरतं. म्हणजे द्राव अस्थिर होतो तेव्हा माती स्थिर होते! भूकंपात ओली वाळू पातळ होऊन इमारती कलंडतात (जपानमधलं नीगाता, १९६४), तो धोका कमी करायला हा उपाय अमेरिकेत अभ्यासला गेला. साधारण ५ टक्के सिलिकेचा द्रावही वाळूला पुरेसा धरतो, असं प्रयोगांत दिसलं. एकाच परिच्छेदात दोन्हीकडे ‘स्थिर’ लिहिलंत तर विद्यार्थी गोंधळणार. द्रावाला ‘टिकाऊ’ म्हणा, ‘स्थिरीकरण’ मातीसाठी राखून ठेवा.

प्रतिसाद
सर, आमच्या कृषी खात्याच्या भाषेत हे बरोबर उलटं आहे! सांगली-कोल्हापूरकडे उसाला पाणी देऊन देऊन ज्या जमिनी चोपण झाल्या, त्यांचा रोग म्हणजेच डिस्पर्शन. सोडियम वाढला की चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरतच नाही. जिप्सम घालतो ते त्यातल्या कॅल्शियमने कण पुन्हा एकत्र यावेत म्हणून. तेव्हा ‘डिस्पर्स’ झालेल्याला ‘विसरित’ म्हटलं आणि ‘विसरित माती’ व ‘विसरित नॅनोकण’ जवळजवळ आले तर एक आजार आणि एक औषध, दोघांना एकच नाव. मातीसाठी ‘कण सुटलेली माती’ म्हणावं, असं मला वाटतं.

प्रतिसाद
मृदा, सबलीकरण, विसरित… हे वाचणार कोण? रोलरवाल्याला माती, मुरूम, पाणी आणि दबाई एवढंच कळतं.

प्रतिसाद (भू-तंत्रवाला)
रोलरवाल्यासाठी नसेल हो ही पुस्तिका. पण ‘माती’बद्दल सहमत. आणखी एक भर घालतो. आपल्या काळ्या जमिनीतल्या फुगणाऱ्या खनिजाचा एकेक पापुद्रा जेमतेम १ नॅनोमीटर जाड असतो. तेव्हा ‘मातीत नॅनो पदार्थ घालणे’ असं लिहिताना तो तिथे आधी नव्हताच, असा सूर नको.

प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार. आता असं केलंय : ‘सिलिकाचे नॅनोकण गुठळी होऊ न देता पाण्यात एकजीव करून तो द्राव जमिनीत मुरवला, की तो मातीच्या कणांमध्ये थिजतो आणि माती घट्ट धरून ठेवतो.’

प्रतिसाद
‘मुरवला’ झकास. पण ‘एकजीव’ काढा. विरघळलं असं वाटतं, आणि हे कण विरघळत नाहीत. ‘सुटे सुटे राहतील असे कालवून’ बघा. शिवाय कोरडी भुकटी मातीत मिसळण्याची पद्धत पुढच्या प्रकरणात असेल तर तिथे ‘मुरवणे’ चालणार नाही, ‘मिसळणे’च लागेल.