बंदरावर न उतरलेली मासळी कोण मोजणार?

रविवारची_पिशवी
काल सकाळी पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात एका पाटीवर मुठीत मावतील एवढी पापलेटं होती. वाट्याला सहा. "कुरकुरीत तळा, काट्यासकट खाल," असं मावशी म्हणाल्या. मी घेतली नाहीत, शेजारच्यांनी दोन वाटे उचलले.

याच पापलेटला 2023 च्या सप्टेंबरात राज्यमासा जाहीर केलं. त्याच सुमारास 54 जातींची किमान कायदेशीर लांबी ठरली, पापलेटसाठी 135 मिलिमीटर. पाटीवरचा माल त्याहून लहान होता, पट्टी लावायचीही गरज नव्हती.

पण मला मांडायचंय ते पाटीच्या आधीचं. आपल्याकडे मासेमारीची सगळी चर्चा 'यंदा किती टन उतरले' एवढ्यावर संपते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्रात 2018 मध्ये 2.95 लाख टन मासळी उतरली आणि 2019 मध्ये 2.01 लाख टन, 45 वर्षांतली सर्वांत कमी. हे मोजमाप बंदरावर होतं. जाळ्यात येऊन समुद्रातच फेकलेला मासा त्यात येत नाही. आठ-दहा दिवसांच्या फेरीवरचा ट्रॉलर, म्हणजे मागे जाळं ओढत नेणारी बोट, पहिल्या दिवसांतला हलका माल फेकतो, कारण बोटीतला खण आणि बर्फ कोळंबीसाठी, म्हाकुळासाठी राखायचा असतो. फेकलेलं बहुतेक मेलेलंच असतं. जगभरात 2010 ते 2014 या काळात वर्षाला सरासरी 91 लाख टन मासळी अशी फेकली गेली, एकूण पकडीच्या सुमारे 10.8 टक्के, आणि त्यातली जवळपास निम्मी तळ खरवडणाऱ्या ट्रॉलची, असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. जाळ्यात आलं ते सगळं बंदरावर आणायची सक्ती करा आणि नोंदवा. नॉर्वेने 1987 मध्ये कॉड आणि हॅडॉकसाठी हे सुरू केलं, युरोपीय संघाने 2015 ते 2019 मध्ये टप्प्याटप्प्याने आणलं.

हर्णैची_लेक
दादा, माझे वडील आणि दोन्ही भाऊ समुद्रावर असतात, मी अकरा वर्षं सिंहगड रोडला राहते. तुम्ही पापलेट घेतली नाहीत हे चांगलं केलंत. सक्तीचं मात्र पटत नाही.

नॉर्वेच्या जाळ्यात मोजक्या जाती येतात. आमच्या एका ओढीत ढोमा, राणीमासा, वाकटी, लेपा, खेकडे, शिंगाळा, नाव सांगता येणार नाही अशी पिल्लं, सगळं एकत्र येतं. खलाशी रात्री दिव्याखाली बसून ते निवडतात. ज्याला संध्याकाळच्या लिलावात कोणी बोली लावणार नाही, त्यावर बर्फ घालून, डिझेल जाळून ते किनाऱ्याला का आणायचं? डिझेल परतावा वेळेवर मिळत नाही म्हणून घरात बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यावर अजून एक नोंदवही?

शिवाय 'मासेमार' म्हणून सगळ्यांना एका टोपलीत घालू नका. प्रवाहात डोल जाळं रोवून लावणारा वेगळा, मासा अडकवणारं वावरी जाळं सोडणारा वेगळा, ट्रॉलरवाला वेगळा. मासळी खेचून घ्यायच्या एलईडी दिव्यांवर 2017 पासून बंदी आहे, तरी रात्री क्षितिजावर गाव वसल्यासारखा उजेड दिसतो.

आकडेमोड
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहतेय. फेकणं आधीपेक्षा कमी झालंय, पण कारण चांगलं नाही. फिशमीलचे कारखाने हा हलका माल घेऊ लागले, त्यामुळे फेरीच्या शेवटच्या दिवसांतला माल फेकण्याऐवजी खणात जातो, पुढे त्याची भुकटी होऊन कोंबड्यांच्या आणि शेततळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यात जाते. म्हणजे उतरलेल्या टनांत पिल्लंही आली आणि आकडा फुगला. मूळ लेखातली सक्ती उद्या लागू झाली तर पहिला फायदा या कारखान्यांचा होईल. आज निदान पिल्लाला फारसा भाव नाही म्हणून कोणी मुद्दाम त्याच्यामागे जात नाही. भाव वाढला की जातील.

कोथरूडची_खानावळ
मी रोज मासे विकते, म्हणून बोलते. गिऱ्हाइकाला बाराही महिने पापलेट हवं. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै बंदी, तर जूनच्या मध्यापासून पूर्व किनाऱ्याचा माल येतो, तिकडची बंदी 14 जूनला संपते. गटारीच्या आठवड्यात थाळीत राणीमासा ठेवून पाहिला. दोन दिवस लोक 'हा कुठला?' विचारून उठून गेले. तिसऱ्या दिवशी कोकणातलं एक कुटुंब आलं, त्यांनी संपवला. पाटीवरच्या मावशींना दोष देण्याआधी आपण काय मागतो ते बघा.

मालवणकर_पुण्यात
मला ही नोंदवहीची वाट मान्य नाही. थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्याला 2016 च्या फेब्रुवारीत राज्याच्या हद्दीत आवर घातला, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर ठरवला. तसाच ट्रॉलला बारा सागरी मैलांच्या आत पूर्ण मज्जाव करा. किनाऱ्यावरून रापण जाळं ओढणाऱ्याच्या तोंडचा बांगडा परराज्यातले वेगवान ट्रॉलर नेतात आणि आपण इथे फेकलेल्याची वही लिहायची?

हर्णैची_लेक
माझ्या भावाची बोट ट्रॉलरच आहे, मालवणकर. तोही इथलाच, परराज्यातला नाही. कर्ज कोण फेडणार ते सांगा, मग मज्जाव म्हणा.

रविवारची_पिशवी
फिशमीलचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. सगळं उतरवायची सक्ती मी मागे घेतो, नोंद मात्र हवीच. ट्रॉलच्या मोजक्या फेऱ्यांवर निरीक्षक पाठवून नोंद करा, सगळ्यांवर वही लादू नका. पिल्लू जाळ्यात अडकूच नये हे खरं काम. ट्रॉलच्या खोळीचा, म्हणजे मासा साठतो त्या शेवटच्या पिशवीचा, आस (जाळ्याचं भोक) शंकरपाळीसारखा असतो, ओढ लागली की मिटतो. चौकोनी आस उघडा राहतो. 40 मिलिमीटरच्या चौकोनी आसाची शिफारस आपल्याच शास्त्रज्ञांची आहे. आणि जाळं कापून कासव किंवा देवमासा सोडला तर राज्य 25 हजारांपर्यंत भरपाई देतंच. मग खोळ बदलायला पैसे का देऊ नयेत?

हर्णैची_लेक
हे भावाला काल रात्री फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, चौकोनी आसातून बारीक कोळंबी निसटते, डिझेलचा खर्च तिच्यावरच सुटतो. एकट्याने खोळ बदलली तर ती कोळंबी मागून येणाऱ्या बोटीला मिळेल. हर्णै, मिरकरवाडा, ससून डॉक, सगळ्या बंदरांतले एकाच हंगामात बदलणार असतील तर नारळी पौर्णिमेआधी तोही बदलेल, असं त्याने स्वतःहून सांगितलं. पैशाचं मीच विचारलं, तेव्हा म्हणाला, अर्धे मिळाले तरी चालतील.