मदत हवी आहे: हवामान मॉडेलचे आकडे आर्थिक मॉडेलला देताना पावसाचा खंडच गायब होतोय

नमस्कार मंडळी, कृषी अर्थशास्त्रात संशोधन करतेय, विषय मराठवाड्यातलं कोरडवाहू सोयाबीन. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत पाऊस-तापमान बदललं तर लातूर, धाराशिव, बीडच्या कमाईवर काय परिणाम होईल हे बघायचंय, आणि नुसत्या शेतकऱ्याच्या नाही तर मोंढ्यातले हमाल, आडते, ऑईल मिलवर काम करणारे, सगळ्यांच्याच. इथे हवामानवाले आणि अर्थशास्त्रवाले दोन्ही आहेत म्हणून विचारतेय.

साखळी अशी लावलीय. सीएमआयपी-६ (जगभरातल्या हवामान मॉडेलांचा एकत्रित प्रकल्प) च्या मॉडेलांचा एकेक चौकोन साधारण १०० ते २५० किमीचा, त्यात जिल्हा वेगळा दिसतच नाही, म्हणून नासाचा डाउनस्केल केलेला, म्हणजे लहान चौकोनांत उतरवलेला, पाव डिग्रीचा (साधारण २५ किमी) रोजचा डेटा घेतला, तो डीएसएसएटी या पीक मॉडेलला दिला, त्यातून हेक्टरी उतारा काढला आणि उताऱ्यातला टक्केवारी फरक सीजीई मॉडेलला (सगळे उद्योग, बाजार आणि कमाई एकत्र जोडणारं आर्थिक मॉडेल) शॉक, म्हणजे बाहेरून दिलेला धक्का, म्हणून द्यायचा.

आता घोळ इथे आहे. सीजीईला एकच आकडा लागतो म्हणून सगळ्या हवामान मॉडेलांची सरासरी आणि वर ३० वर्षांची सरासरी घ्या असा सल्ला मिळतोय. तशी घेतली की हंगामाचा एकूण पाऊस थोडा वाढलेलाच दिसतो आणि उतारा फारसा हलत नाही. पण आपल्याकडे सोयाबीन एकूण पाऊस कमी म्हणून कमी वेळा जातं, खंड पडला म्हणून जास्त वेळा जातं! २०२३ चा ऑगस्ट घ्या, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट, ऐन फुलं-शेंगांच्या दिवसात पाऊस नाही, मग सप्टेंबरात कितीही पडो. आणि २०१४, २०१५ लागोपाठ दोन दुष्काळ, २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. दुसऱ्या वर्षी माणूस मोडतो कारण पहिल्या वर्षीचं पीककर्ज अजून डोक्यावर असतं. सरासरीत यातलं काहीच उरत नाही आणि मला नेमकं हेच मोजायचंय.

तर प्रश्न: वाईट वर्षं सीजीईमध्ये कशी घालायची? शॉक जमिनीच्या उत्पादकतेला द्यायचा की एकूण उत्पादनाला? आणि जीटॅपमध्ये (सीजीईसाठी वापरतात तो जागतिक आर्थिक डेटाबेस) अख्खा भारत एकच प्रदेश आहे, मग तीन जिल्हे वेगळे काढायचे कसे? कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा, अर्धवट अनुभव असला तरी चालेल.

प्रतिसाद:
ताई, सरासरी सगळ्यात शेवटी घ्या, आधी कुठेच नको. दहा मॉडेलांचे खंड दहा वेगळ्या तारखांना पडतात, ते एकत्र केले की रोज थोडा थोडा पाऊस पडल्यासारखं दिसतं आणि पीक मॉडेल खूश. प्रत्येक मॉडेल स्वतंत्र चालवा, वर्षवार उतारे ठेवा. त्याआधी हवामान खात्याच्या पाव डिग्री पावसावर २०१४ आणि २०१५ चालवून बघा, ती पडझड दिसत नसेल तर माती किंवा वाणाची माहिती तपासा. कार्बन डायऑक्साइडचा आकडाही बघून घ्या, सोयाबीनला त्याचा फायदा होतो, तो धरून आणि न धरून दोन्ही द्या.

वाईट वर्षासाठी सीजीई अल्पकाळाचं करा, म्हणजे पेरणी झालीय, जमीन तुरीकडे वळवता येत नाही, आणि शॉक थेट उत्पादनाला. दीर्घकाळासाठी जमीन मोकळी सोडा, तिथे शॉक जमिनीच्या उत्पादकतेला. लागोपाठच्या वर्षांसाठी मॉडेल वर्षावर वर्ष चालणारं लागेल, कर्ज पुढच्या वर्षात ओढणारं. जिल्ह्यासाठी भाव बाहेरून ठरलेला धरा, कारण तो मध्य प्रदेशातलं पीक आणि आयात तेल ठरवतं, लातूरचं पीक गेलं म्हणून तेवढा चढत नाही. म्हणून तर नुकसान भावात भरून निघत नाही. मिल आणि हमालीसाठी वेगळं छोटं इनपुट-आउटपुट टेबल (कोणता उद्योग कोणाकडून किती माल घेतो याचा तक्ता) बांधा, देशाच्या सप्लाय-यूज टेबलावरून (कोणता माल कुठून येतो नि कुठे वापरला जातो याचा सरकारी तक्ता) जिल्हा उत्पन्नाच्या आकड्यांनी खाली आणून.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! भाव बाहेरून धरायचं आजच लिहून काढते. मिल किती महिने चालतात आणि पीक गेलेल्या वर्षी बाहेरून किती माल आणतात याचा जिल्हावार डेटा कुठे मिळेल? बाजार समितीची आवक आहे माझ्याकडे पण ती मिलपर्यंत पोचत नाही.