लहान गावाचा इतिहास: आधी खुला करावा की आधी तपासावा?

मुक्तद्वार (मूळ लेख)

लहान गावाच्या इतिहासाचा विषय निघाला की बोलणे लवकरच एका ग्रंथाकडे वळते. समिती नेमायची, जुने कागद आणि छायाचित्रे गोळा करायची, जाणकारांकडून त्यांची छाननी करून घ्यायची आणि काही वर्षांनी गावाचा साद्यंत इतिहास प्रकाशित करायचा, असा बेत ठरतो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. जे साधन हाती येईल त्याची प्रत काढून ते लगेच सर्वांसाठी खुले करावे आणि ग्रंथाचे मागाहून पाहावे. ग्रंथ दहा वर्षांनीही लिहिता येईल, पण छायाचित्रातल्या माणसांना ओळखणारी शेवटची व्यक्ती तोवर असेलच असे नाही.

सरकारी दफ्तरखान्यात लहान गाव येते ते सारावसुली, खटला, साथ किंवा दंगल यांच्या निमित्तानेच. तिथले रोजचे जगणे घरांतल्या कागदांत असते: उधारीच्या वह्या, पत्रे, शाळेची प्रगतिपुस्तके, कोणाच्या तरी छायाचित्रात मागे सहज आलेली दुकानाची पाटी. हे कागद रद्दीत जाण्याच्या वेळाही ठरलेल्या असतात. घराची वाटणी होते, घर पाडले जाते किंवा घरातले वडीलधारे माणूस गेल्यावर आवराआवर होते आणि एका दुपारीत सत्तर वर्षांचे कागद नाहीसे होतात. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव फिरून दफ्तरे मिळवत राहिले आणि १८९८ पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले, ज्यांची संख्या पुढे २२ झाली. आधी साधने लोकांपुढे ठेवावीत, निष्कर्ष मागाहून काढावेत, हा धडा आपल्याकडे तेव्हापासून आहे.

सुरक्षित जागी ठेवलेले कागद सुरक्षित असतात, हाही एक समज आहे. ३० जून १९२२ रोजी, आयर्लंडमधील यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय संकुलातील सार्वजनिक दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत नष्ट झाला. सुमारे सात शतकांची कागदपत्रे त्यात होती. १८२१ ते १८५१ या काळातील चार जनगणनांच्या बहुतेक पत्रिका गेल्या आणि अनेक गावांतील चर्चच्या ज्या नोंदवह्या जपणुकीसाठी म्हणून तेथे आणल्या होत्या, त्याही गेल्या. ज्या गावांनी आपल्या वह्या गावातच ठेवल्या होत्या, त्यांच्या मात्र वाचल्या. शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये, त्या दफ्तरखान्याची संगणकीय पुनर्रचना सर्वांसाठी खुली झाली आणि ती उभी राहिली इतर ठिकाणी विखुरलेल्या नकलांच्या आधारावर. एका कपाटात कुलूपबंद केलेल्या मूळ कागदापेक्षा चार ठिकाणी असलेल्या नकला अधिक टिकतात, असे मला वाटते ते यामुळेच.

टाचणी

आपण राजवाड्यांचे उदाहरण दिलेत, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. राजवाड्यांनी कागद नुसते लोकांपुढे ओतले नाहीत. त्यांनी ते वाचले, लावले आणि प्रदीर्घ प्रस्तावना लिहून छापले. खुले करण्याआधीचे हे सगळे श्रम आपल्या मांडणीत कोठे बसतात, ते मला कळले नाही.

टिपणाविना पसरलेले छायाचित्र गावाच्या इतिहासाचे नुकसानच करते. कोणीतरी अंदाजाने एक नाव आणि एक साल लिहितो, ती ओळ छायाचित्रासह शंभर घरांत पोहोचते आणि पाच वर्षांनी तीच ओळ पुरावा म्हणून परत येते. दुरुस्ती निघाली तरी ती त्या शंभर घरांपर्यंत पोहोचत नाही. एका स्मरणग्रंथाच्या कामात मी होतो, तेव्हा एकाच समूहचित्राची तीन वेगवेगळी वर्षे तीन कुटुंबांनी ठामपणे सांगितली होती. निर्णय झाला तो चित्रातल्या इमारतीचा वरचा मजला केव्हा बांधला गेला हे कागदावरून कळले तेव्हा.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. लहान गावात कोणी अनामिक राहत नाही. पत्रातले नाव खोडले, तरी ‘पोस्टमास्तरांची धाकटी सून’ एवढे शब्द पुरेसे असतात. आपण कौतुकाने उल्लेखिलेल्या उधारीच्या वहीत कोणाच्या आजोबांचे कर्ज बुडाले हे लिहिलेले असते आणि शाळेच्या दाखल्यांत वडिलांचा व्यवसाय, जात, घरची परिस्थिती हे सगळे असते. शिवाय कागद ज्याच्या घरी आहे त्याला तो प्रसिद्ध करण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. बहुतेक देशांच्या कायद्यानुसार पत्र ज्याला आले त्याच्या मालकीचे असले, तरी त्यातील मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडे असतो.

आणि एकदा दिलेला शब्द पाळता येईलच, याचीही खात्री नसते. उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षात भाग घेतलेल्यांच्या मुलाखती अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजने २००१ ते २००६ या काळात ध्वनिमुद्रित करून घेतल्या, त्या बोलणाऱ्याच्या हयातीत उघडणार नाहीत या आश्वासनावर. २०११ मध्ये त्या ध्वनिफितींची कायदेशीर मागणी झाली आणि त्यांतील काही पोलिसांच्या हाती गेल्या. तेथे विश्वासाने बोलणाऱ्यांचे काय झाले असेल, याचा विचार करून मग ‘लगेच खुले करा’ असे म्हणावे.

मुक्तद्वार

बॉस्टनचे उदाहरण खून आणि सशस्त्र संघटना यांच्याविषयीचे आहे. जुन्या पाणवठ्याच्या छायाचित्राला तीच कसोटी लावणे मला पटत नाही. उधारीच्या वहीबाबतचा आपला आक्षेप मात्र मी मान्य करतो, ते उदाहरण मी विचार न करता दिले होते.

पण छाननी कोण करते, हेही पाहावे लागेल. ज्यांच्या घरी कॅमेरा आणि पेटीभर कागद होते, त्यांचेच वारस बहुधा समितीत बसतात. मग पहिली मोटार, पहिले वाचनालय आणि मान्यवरांची भेट ग्रंथात येते. फसलेला संप, साथीत गावाबाहेर काढलेली कुटुंबे, कोणत्या विहिरीवर कोणाला पाणी भरू दिले जात नव्हते, हे मात्र ‘पुरेसा पुरावा नाही’ किंवा ‘कटुता नको’ या दोन शेऱ्यांखाली वगळले जाते. आपण ज्याला तपासणी म्हणता, तिचा बराच भाग असा वगळण्याचा असतो.

दप्तरबंद

मी ग्रंथालयात काम करतो. आपल्या दोघांच्या वादात ज्या कामाचा उल्लेखही आला नाही, त्याविषयी लिहितो.

बहुतेक छायाचित्रे नष्ट होण्याआधी मुकी होतात. कागद शाबूत असतो, पण त्यावर कोण आहे हे सांगणारे कोणी उरत नाही. म्हणून छायाचित्र स्वीकारतानाच, देणारी व्यक्ती समोर बसलेली असताना, डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव, जागा, अंदाजे साल आणि हे सगळे कोणी सांगितले, ते लिहून घ्यावे. ‘अंदाजे’ हा शब्द जपून ठेवावा, पुढे कोणाच्या तरी सोयीसाठी तो गाळू नये. छायाचित्राच्या मागे बॉलपेनने लिहू नये, कारण त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिलीने कडेला हलक्या हाताने लिहावे. प्रत काढताना मागची बाजूही घ्यावी, कारण स्टुडिओचा शिक्का आणि कोणीतरी लिहिलेली अर्धी ओळ तेथेच असते. लहान आकाराच्या छायाचित्रांची मूळ प्रत ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके), तपशील न गमावणाऱ्या टिफ स्वरूपात ठेवावी आणि वाटण्यासाठी आकाराने लहान अशी जेपेग वेगळी करावी. चिकट पानांच्या अल्बममधून छायाचित्रे ओढून काढू नयेत. पानासकट प्रत घ्यावी, म्हणजे शेजारी कोणते छायाचित्र होते तेही कळते. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावणे आणि त्याचे लॅमिनेशन करणे हे दोन उद्योग मी पाहिलेल्या वाळवीपेक्षा अधिक कागद खाऊन बसले आहेत.

मुक्तद्वार यांना एवढेच सांगतो की खुले म्हणजे टिकाऊ नव्हे. जिओसिटीज ही लोकांना स्वतःची संकेतस्थळे उभारू देणारी सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली, तेव्हा हौशी लोकांनी आपापल्या छंदांवर आणि घराण्यांवर लिहिलेली असंख्य पाने गेली. स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यांतला काही भाग वाचवला. मायस्पेस या समाजमाध्यमाने २०१९ मध्ये मान्य केले की सर्व्हर बदलताना जुनी छायाचित्रे, चित्रफिती आणि ध्वनिफिती हरवल्या. गावाच्या इतिहासाचा गट आज कोणत्या ना कोणत्या कंपनीच्या व्यासपीठावर चालतो. तेथे शंभर जणांनी पाहिलेल्या छायाचित्राची चांगली प्रत अनेकदा एकाच्याही जवळ नसते, कारण अशी बहुतेक व्यासपीठे चित्र लहान करतात आणि त्यात साठवलेली नोंद पुसून टाकतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, हा जुना नियम कंटाळवाणा असला तरी तो पाळावा.

ऐकीव

टाचणी यांच्या ‘तीन कुटुंबांनी तीन वर्षे सांगितली’ या वाक्यावर मी थांबलो. त्या तीन उत्तरांपैकी दोन आपण टाकून दिलीत का?

इटलीतील तेर्नी या पोलादनगरीत १७ मार्च १९४९ रोजी नाटोविरोधी निदर्शनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीने लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार मारला गेला. पुढे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने तेथील लोकांना बोलते केले, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ मधला म्हणून सांगितला, म्हणजे कारखान्यातून कामगारांना मोठ्या संख्येने काढल्यानंतर झालेल्या रस्त्यावरच्या संघर्षाच्या काळातला. लोकांची स्मृती चुकली होती, पण त्या चुकीतून नोकऱ्या जाण्याचा घाव त्या गावावर किती खोल होता हे कळते. समितीने तारीख दुरुस्त करून छापली असती, तर वाचकाला बरोबर तारीख मिळाली असती आणि हे कळायचे राहून गेले असते. म्हणून मुलाखती जशा बोलल्या गेल्या तशाच, बोलीसकट, अडखळण्यासकट जपाव्यात.

टाचणी

उदाहरण उत्तम आहे, परंतु ते माझ्या बाजूचे आहे. लोकांची तारीख सरकली हे पोर्तेल्ली यांना कळले, कारण १९४९ ची तारीख कागदांत पक्की होती. ती कोणी तपासली नसती, तर १९५३ हेच साल खरे म्हणून राहिले असते आणि त्या चुकीचा अर्थ लावण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. दोन उत्तरे मी टाकली नाहीत, ती टिपेत घेतली. मूळ मुलाखती मात्र जपल्या गेल्या नाहीत, ही आमची चूक होती.

मुक्तद्वार यांचा वगळण्याचा आक्षेप रास्त आहे. पण त्यावर सगळेच दरवाजे उघडणे हा एकच उपाय नाही. ऑस्ट्रेलियातील टेनंट क्रीक या लहान गावच्या वारुमुंगू समाजाने अभ्यासकांच्या साहाय्याने मुकुर्तू नावाची संगणकीय संग्रहव्यवस्था उभी केली. तिच्यात कोणते छायाचित्र कोणाला दिसावे हे त्या समाजाच्या नियमांप्रमाणे ठरते. दिवंगत व्यक्तींची छायाचित्रे कोणी पाहावीत, याचेही नियम त्यात बसवता येतात. वस्तू नोंदवलेली असते, जपलेली असते आणि तरीही सर्वांसाठी उघडी नसते.

मुक्तद्वार

तेथे नियम ठरवणारा समाज एक होता आणि त्याचे नियम आधीपासून होते. ज्या गावात दोन आळ्यांचे एकमेकींशी पटत नाही, तेथे नियम कोणाचे? तरीही दोन गोष्टी मी बदलतो. नोंद लिहून झाल्याशिवाय काहीही खुले करू नये, हे दप्तरबंद यांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि हयात व्यक्तीविषयीचा मजकूर तिच्या संमतीवाचून देऊ नये, हेही. मात्र जे बंद ठेवले जाईल त्याची यादी तरी खुली असावी: अमुक वही आहे, अमुक वर्षांची आहे, अमुक कारणासाठी अमुक सालापर्यंत दाखवली जाणार नाही. यावर टाचणी यांची हरकत असेल, तर ती मला वाचायची आहे.

टाचणी

यादीला हरकत नाही. ‘अमुक कारणासाठी’ या रकान्याला आहे. लहान गावात वहीचे नाव, तिची वर्षे आणि ती बंद का ठेवली आहे याचे कारण एकत्र वाचले, की ती वही न उघडताच वाचून होते. कारण संग्राहकाकडे लिहिलेले असावे, यादीत फक्त उघडण्याचे साल असावे.

दप्तरबंद

आमच्याकडे गेली अनेक वर्षे असेच करतो. अडचण एवढीच येते की ते साल उजाडते, तेव्हा वही कोणत्या कपाटात आहे हे ठाऊक असणारा माणूस निवृत्त झालेला असतो. सालाशेजारी कपाटाचा क्रमांकही लिहून ठेवा.