४३ एकर द्या, ४७७ घ्या: बोका चिकाचा सौदा मोडला ते बरं झालं का?

खाजणवासी (धागाकर्ता)
टेक्ससच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदी समुद्राला मिळते तिथे बोका चिका हा किनारा आहे. ब्राउन्सव्हिलहून हायवे ४ धरला की डांबर संपतं आणि गाडी वाळूत उतरते. तिकीट नाही, पार्किंगचे पैसे नाहीत. शेजारीच स्पेसएक्सचं रॉकेटचं बस्तान.

४ मार्च २०२४ ला राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ आयोगाने लोकांचा तासन् तास चाललेला विरोध ऐकून घेतला आणि एकमताने ठराव केला: बोका चिका स्टेट पार्कातले ४३ एकर कंपनीला द्यायचे, बदल्यात लगुना अटास्कोसा अभयारण्याजवळचे ४७७ एकर घ्यायचे. सप्टेंबरात कंपनीनेच अंग काढून घेतलं.

माझं मत: सुंठीवाचून खोकला गेला. एकराला एकर लावून जंगलाचा हिशेब होत नाही. चिखल्या पक्षी उघड्या वाळूत शिंपल्यांच्या चुऱ्यात नखभर खळगा करून अंडी घालतो. त्याला आतल्या झुडपांतले ४७७ एकर काय कामाचे?

हिशेबनीस
भावना समजल्या. पण ते ४३ एकर सलग नव्हते हे लिहायला विसरलात. कंपनीच्या जमिनीत मधेमधे अडकलेले तुकडे होते ते. असल्या तुकड्यांची देखरेख कोण आणि कशी करणार? उलट ४७७ एकर अभयारण्यालगत. त्या भागात ऑसेलॉट नावाचं रानमांजर आहे, अख्ख्या अमेरिकेत शंभराच्या आतच उरलंय. त्याला सलग झुडुपच लागतं. चिखल्याचा जीव तो जीव, आणि मांजराचा?

वाळूचा किल्ला
हिशेबनीस, तुकडे अडकलेले होते म्हणता, पण अडकवले कोणी? पार्क तिथे आधीपासून आहे. कंपनी २०१४ च्या आसपास आली आणि भोवतालची जमीन घेत गेली.

आणि एप्रिल २०२३ चं स्टारशिप रॉकेटचं पहिलं उड्डाण आठवा. खालचा काँक्रीटचा चौथरा फुटून त्याचे तुकडे हजारो फूट उडाले, पार्काच्या जमिनीवर साडेतीन एकर जळलं. जून २०२४ च्या उड्डाणानंतर पक्षी अभ्यासकांनी जवळची नऊ घरटी पाहिली, नऊच्या नऊ घरट्यांत अंडी फुटलेली किंवा गायब. आधी नासवायचं आणि मग ‘तसंही नासलंय, देऊन टाका’ म्हणायचं, हा कुठला न्याय?

हिशेबनीस
न्याय नाहीच. पण उड्डाणाला परवानगी पार्क खातं देत नाही, एफएए (केंद्राचं विमान वाहतूक खातं) देते. मे २०२५ मध्ये तिने वर्षाला ५ च्या जागी २५ उड्डाणांना मुभा दिली. त्याच महिन्यात तिथल्या रहिवाशांनी २१२ विरुद्ध ६ मतांनी स्टारबेस नावाचं शहरही करून घेतलं. (मतदार बहुतेक कंपनीचीच माणसं, त्यामुळे निकालाचं नवल नाही.) म्हणजे आवाज, धूर, दगड सगळं वाढणारच. पार्क खात्याच्या हातात एकच हुकमाचं पान होतं, जमीन. त्यात अकरापट मिळत होतं. आता तेलही गेलं, तूपही गेलं.

गळाला मासा
पक्षी, मांजर सगळं आलं, माणसं राहिली. बोका चिकाला तिकडचे लोक गरिबांचा किनारा म्हणतात. शेजारच्या साउथ पाद्रेला सुट्टीवाले जातात, इथे ब्राउन्सव्हिलची कुटुंबं बर्फाची पेटी आणि गळ घेऊन येतात. टेक्ससात किनारा सर्वांना खुला हा कायदा १९५९ पासून आहे. २०१३ मध्ये उड्डाणासाठी किनारा बंद करायची मुभा कायद्याने दिली. काउंटीची (म्हणजे तिकडच्या जिल्ह्याची) किनारा बंदची नोटीस बघा कधी: एक मुख्य तारीख, खाली राखीव तारखा, वर कधीही रद्द व्हायची शक्यता. रविवारचा बेत कसा ठरवायचा? ४७७ एकरांत समुद्र होता का?

हिशेबनीस
समुद्र नव्हता, मान्य. पण बंदी ४३ एकरांमुळे येत नाही, उड्डाणामुळे येते. सौदा मोडला तरी तुमचा रविवार गेलाच.

परसातला कावळा
आपल्याकडे काय वेगळं चाललंय? ग्रेट निकोबारचं वर्षावन तोडायचं आणि भरपाईची झाडं हरियाणात लावायची. कागदावर हेक्टर जुळतात. हिशेबनीस, तुमचा अकरापटीचा हिशेब त्याच वहीतला.

हिशेबनीस
त्या वहीत मला घालू नका. इथे रोपं लावायची नव्हती, उभं झुडुप होतं, त्याच काउंटीत.

खाजणवासी
त्याच काउंटीत, खरंय. केम्प्स रिडले कासवीला (आपल्या वेळासच्या ऑलिव्ह रिडलेची सख्खी चुलत बहीण) मात्र काउंटी कळत नाही, वाळू कळते. बोका चिकावर तिची घरटी होतात.

राहिला प्रश्न तेल-तुपाचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्ससच्या मतदारांनी नव्या पार्कांच्या जमिनीसाठी १ अब्ज डॉलरचा निधी मंजूर केला. ४७७ एकर इतके मोलाचे असतील तर पैसे मोजून घ्या की. किनारा का मोडायचा त्यासाठी?

हिशेबनीस
विकणारा तयार असला तर. आणि निधी अख्ख्या टेक्ससचा आहे, एका मांजरासाठी नाही. पण हा मुद्दा आधी मांडला असतात तर मी निम्मं कमी भांडलो असतो.

वाळूचा किल्ला
निम्मंच?