शब्दचर्चा: योरुबा 'ऑकॉ'ला 'नवरा' म्हणावं का?

अर्धविराम: नायजेरियातल्या योरुबा समाजावरच्या एका निबंधाचं भाषांतर करतेय. ओयेरोन्के ओयेवुमी यांच्या 'द इन्व्हेन्शन ऑफ विमेन' (१९९७) या पुस्तकावर तो बेतलाय. त्यांचं म्हणणं, वसाहतीपूर्वी तिथे माणसाचा मान ज्येष्ठतेवरून ठरायचा, बाई की पुरुष यावरून नव्हे. 'ऑकॉ'ला 'नवरा' लिहिलं, आणि पुढच्याच ओळीत सून नणंदेलाही 'ऑकॉ' म्हणते! काय करू?

तळटीप: 'नवरा' खोडा. ओयेवुमींच्या मते ऑकॉ म्हणजे त्या घरात जन्मलेलं माणूस आणि इयावो म्हणजे लग्न होऊन बाहेरून आलेली. सुनेच्या आधी त्या घरात जन्मलेलं शेंबडं पोरसुद्धा मानानं तिच्याहून मोठं. धाकट्या नणंदेला 'वन्सं' म्हणत अहोजाहो करणाऱ्या माझ्या आजीला हे चटकन कळलं असतं. फक्त वन्सं ही बाईच असते, ऑकॉला तेही बंधन नाही. मूळ शब्दच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'घरचं माणूस' असं उकलून सांगा.

पाटी-पेन्सिल: 'एग्बॉन' आणि 'आबुरो' मात्र मराठीला सोपे. थोरलं भावंड, धाकटं भावंड. आपलं नपुंसकलिंग कधी नव्हे ते कामी आलं! 'ऑमॉ'ला 'मूल' नको. आपलं मूल मोठं झालं की मूल राहत नाही, ऑमॉ साठीतही ऑमॉच. 'अपत्य' कोरडं आहे, पण चालेल.

अर्धविराम: आणि सर्वनाम? योरुबात तो-ती दोघांना एकच 'ओ'. मराठीत 'आला' की 'आली' हे ठरल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही.

तळटीप: आदरार्थी वापरा. 'त्यांनी सांगितलं', 'त्यांना पटलं', 'त्यांचं येणं झालं' यातून बाई की पुरुष ते कळत नाही. 'त्या आल्या' म्हटलं की संपलं. अर्थात ही पळवाट मोठ्यांपुरतीच. धाकट्यांना 'त्याने' किंवा 'तिने' आलंच.

उंबरठा: जरा थांबा. सर्वनामाला लिंग नाही म्हणून समाजात बाई-पुरुष अशी उतरंड नव्हती? बंगालीतही तो-ती एकच, म्हणून बंगालात बायकांचं राज्य होतं का? अभ्यासक बिबी बकारे-युसुफ यांनी ओयेवुमींवर हाच आक्षेप घेतलाय, भाषेवरून थेट समाजावर उडी मारता येत नाही.

तळटीप: आक्षेप रास्त आहे. पण 'नवरा' लिहून वाद आधीच निकालात काढू नये, वाचकाला तो दिसला तरी पाहिजे. नायजेरियातल्याच इग्बो समाजाचं उलटं. इफी अमाडियुमे यांच्या १९८७च्या पुस्तकात नोबी गावातल्या बायका रीतसर लग्न करून बायको आणतात. तिथे 'स्त्री-नवरा' असंच लिहावं, वाचक ठेचकाळू दे.

अर्धविराम: ठरलं. 'ऑकॉ' तसाच ठेवते. 'वन्सं' तळटीपेत घेते, तुमच्या आजीच्या परवानगीने.